सहाशे मीटरवरचा ओझोन कोणाच्या खात्यात? विमानातून मोजणीसाठी एक खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई
मा. प्रधान सचिव, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. संचालक, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था (आयआयटीएम), पाषाण, पुणे

विषय : मुंबई, नाशिक व पुणे पट्ट्यात वाऱ्याबरोबर होणारी ओझोनची ने-आण विमानातून मोजण्याबाबत.

महोदय,

पत्र तिघांना लिहितो आहे, कारण एकाला लिहिले की तो उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतो हा सरकारी कामाचा नेहमीचा अनुभव. आणि खुले लिहितो आहे, कारण विषय आमच्या भागातल्या झाडून सगळ्या बागायतदारांचा आहे, पण त्यांतल्या बहुतेकांना तो आपला आहे हे कोणी सांगितलेलेच नाही.

मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षे पिकवतो. त्याआधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. ओझोन म्हटले की लोकांना वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवरचा, अतिनील किरण अडवणारा थर आठवतो. तो चांगला, तो राहू द्या. मी बोलतो आहे तो आपण श्वासात घेतो त्या हवेतला. हा कोणत्याच धुरांड्यातून थेट बाहेर पडत नाही, म्हणूनच त्याला कोणी वाली नाही. वाहने, वीज केंद्रे आणि कारखान्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड, आणि पेट्रोल, रंग, सॉल्व्हंट यांतून उडणारी सेंद्रिय वाफ, या दोन्हींना ऊन मिळाले की काही तासांत तो हवेतच तयार होतो. तोवर ती हवा जिथे पोहोचली असेल तिथे तो सापडतो. गुन्हा एका जिल्ह्यात आणि पंचनामा दुसऱ्या जिल्ह्यात, असा हा मामला आहे. शहराच्या ऐन गर्दीत तर ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. त्यामुळे भर चौकातल्या यंत्रावर आकडा कमी दिसतो आणि शहरापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथे शेते आहेत तिथे तो चढतो.

आता माझे गाऱ्हाणे सांगतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे नवी काडी यावी म्हणून वेल आखूड छाटतात. मे महिन्यात नवी फूट चांगली वाढली की वेलीच्या खालच्या, जुन्या पानांवर बारीक तपकिरी-काळपट ठिपके दिसू लागतात. फक्त पानाच्या वरच्या बाजूला. शिरा हिरव्या राहतात, शिरांच्या मधली जागा ठिपक्यांनी भरत जाते आणि पान उलटे केले तर खालून साफ. डाऊनी, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग, असती तर वर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली असती, आणि मेच्या कोरड्या उन्हात डाऊनी येणार कुठून? कृषी सेवा केंद्रात पान दाखवले की मॅग्नेशियमची कमतरता म्हणून सल्फेटची पिशवी हातात पडते. देठ परीक्षणात मॅग्नेशियम पुरेसे आले तरी पिशवी तीच. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षांच्या पानांवरचे असे ठिपके ओझोनमुळे पडतात हे १९५८ सालीच शास्त्रीय नियतकालिकात छापून आले आहे. माझ्या बागेतले ठिपके ओझोनचेच आहेत असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. म्हणू शकत नाही, कारण माझ्या शिवारावरच्या हवेत ओझोन किती हे आजवर कोणी मोजून सांगितलेले नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

हा प्रश्न पानाच्या दिसण्यापुरता असता तर मी पत्र लिहीत बसलो नसतो. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या दिवसांत पाने किती अन्न बनवतात यावर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर किती घड निघणार हे ठरते. ओझोन पानाच्या रंध्रांतून आत शिरतो आणि अन्न बनवण्याच्या कामावरच घाला घालतो. आपल्याकडे ओझोनचा हंगामही उन्हाळ्याचाच, कडक ऊन आणि निरभ्र आकाश असतानाचा. नुकसान मे महिन्यात झाले तरी ते दिसते दिवाळीच्या सुमाराला, आणि तेव्हा आम्ही पावसाला, खताला, छाटणीच्या तारखेला, नाहीतर एकमेकांना दोष देत बसतो. संचालक महोदय, आपल्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज आहे की २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचे गव्हाचे उत्पादन सुमारे ३५ लाख टनांनी आणि भाताचे सुमारे २१ लाख टनांनी घटले. द्राक्षाचा, कांद्याचा असा हिशेब कोणी मांडला तर तो वाचायला मी रांगेत उभा राहीन.

विमानच कशाला, हा आपला पहिला प्रश्न असेल.

सूर्य मावळला की जमीन थंड होते आणि तिच्यालगतची हवा खाली बसते. त्या थरातला ओझोन रात्रभरात झाडे, माती आणि वाहनांचा धूर मिळून संपवतात. पहाटे जमिनीवरचे यंत्र बघितले तर आकडा अगदी खाली, सगळे छान. पण त्याच्या वर, काहीशे मीटरपासून दीड-दोन किलोमीटरपर्यंत, आदल्या दिवशीची हवा तशीच अडकलेली असते. तिथे ना पान पोहोचते ना ताजा धूर, म्हणून तिथला ओझोन टिकतो. वरचा वारा त्याला रातोरात शेकडो किलोमीटर नेऊ शकतो. सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापते, हवा घुसळली जाते आणि वरचा माल खाली उतरतो. दुपारी आपल्या यंत्रावर जो आकडा चढतो त्यात आज इथे तयार झालेला किती आणि रात्री बाहेरून आलेला किती, हे जमिनीवर उभे राहून वेगळे काढता येत नाही. त्यासाठी पहाटे त्या वरच्या थरात जाऊन हवा ओढून बघावी लागते.

आपल्या भागात याला एक खास पदर आहे. कल्याण-भिवंडी समुद्रसपाटीजवळ आणि इगतपुरी, नाशिक, दिंडोरी साधारण सहाशे मीटरवर. भिवंडीच्या डोक्यावर सहाशे मीटर उंचीला जी हवा तरंगते ती सपाट सरकत आली तर आमच्या पायाशी येते. तिकडच्या केंद्राने कितीही प्रामाणिकपणे मोजले तरी ती त्याच्या डोक्यावरून गेलेली असते. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राचा वारा घाट चढून देशावर येतो. कसारा घाटाने आमच्याकडे, बोरघाटाने पुण्याकडे. संध्याकाळी पुण्यात अचानक गार झुळूक येते ती हीच, हे पुणेकरांना सांगायला नको. त्या झुळकेबरोबर माहुलच्या रिफायनऱ्या, तळोजा, रसायनी-पाताळगंगा आणि महामुंबईच्या सगळ्या वाहतुकीचे काय काय वर येते हा साधा प्रश्न आहे. त्याचे मोजून दिलेले उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

आता आपल्या कारभाराबद्दल.

केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातली १९ शहरे आहेत. उद्दिष्ट धूलिकणांचे. आधी २०२४ पर्यंत २० ते ३० टक्के घट, मग २०२५-२६ पर्यंत ४० टक्के. ओझोनला उद्दिष्ट नाही. दहा लाखांवरच्या शहरांना पंधराव्या वित्त आयोगाने जो हवेचा निधी दिला त्याचे गुणही पीएम-१० वर, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांवर. साहजिकच पैशाचा मोठा वाटा रस्त्यावरच्या धुळीकडे गेला. झाडूयंत्रे आली, पाण्याचे फवारे आले. धूळ वाईटच, पण धुळीचा ट्रक फिरवून ओझोन कमी होत नाही. विशेष म्हणजे ओझोनचे मानक आपल्या देशात नाही असे नाही. नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेत ते स्पष्ट आहे. आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, एका तासाची १८०, आणि वर्षातला ९८ टक्के वेळ ती पाळली गेली पाहिजे. मानक लिहून ठेवायचे आणि कार्यक्रमातून वगळायचे, याला काय म्हणावे हे मी आपल्यावर सोपवतो. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये दहा महानगरी भागांतल्या ओझोनवर अहवाल काढला. त्यात मुंबई आणि पुणे दोन्ही होती. म्हणजे विषय आपल्या टेबलावर आलेला नाही असेही म्हणता येणार नाही.

दुसरे गाऱ्हाणे केंद्रांच्या जागांचे. हवा मोजणारी यंत्रे शहरात असतात, कारण लोक शहरात राहतात असे मानले जाते. दिंडोरी-निफाडच्या शिवारात ओझोन मोजणारे सरकारी यंत्र माझ्या पाहण्यात नाही. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथे पाऊस, तापमान, आर्द्रता सगळे नोंदले जाते. ओझोनचे यंत्र एका टेबलावर मावते. नळीतून हवा आत ओढायची, तिच्यातून २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडायचा आणि किती शोषला गेला ते बघायचे, एवढेच त्याचे काम.

तिसरे, आणि मला सगळ्यात जास्त खुपणारे. प्रत्येक शहराचा कृती आराखडा त्या शहराच्या हद्दीला संपतो. नाशिकचा आराखडा वाचला तर वाटावे की नाशिकवरची हवा गंगापूर धरणासारखी एका जागी साठलेली आहे. दिल्लीसाठी २०२१ च्या कायद्याने राज्यांच्या हद्दी ओलांडणारा आयोग झाला. आम्ही तर राज्याची हद्दही ओलांडायला सांगत नाही, जिल्ह्यांची ओलांडा म्हणतो.

हे सगळे जिथे तडीला नेले ते ठिकाण अमेरिकेतले मेरीलँड राज्य. बाल्टिमोरमध्ये उन्हाळ्यात ओझोन मर्यादेबाहेर जायचा आणि राज्य आपली वाहने, आपले कारखाने आवळत राहायचे, तरी आकडा हटेना. मेरीलँड विद्यापीठात रसेल डिकरसन यांच्या गटाने दोन इंजिनांच्या छोट्या विमानात यंत्रे बसवली. पुढे त्यासाठी वापरलेले सेस्ना ४०२बी हे विमान एरवी आठ-नऊ प्रवासी नेणारे. सकाळी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेकडे जायचे, दुपारी खालच्या अंगाला यायचे. वाटेत छोट्या विमानतळांवर जमिनीलगत उतरायचे आणि घिरट्या घेत तीनेक किलोमीटरपर्यंत चढायचे. ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड, धूलिकण, सगळे उंचीगणिक नोंदवायचे. १९९७ ते २००३ च्या उन्हाळ्यांतल्या अशा शेकडो नोंदी एकत्र करून २००६ मध्ये निष्कर्ष आले. हवा ओहायो नदीच्या खोऱ्यातल्या वीज केंद्रांवरून येते तेव्हा दुपारच्या घुसळलेल्या थरातला ६९ ते ८२ टक्के ओझोन बाहेरून आलेला असतो. वारा पडलेल्या दिवशीसुद्धा तो वाटा ५८ टक्के.

याच गटाची एक नोंद तर कोणालाही समजेल अशी आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या ऑन्टारियोत वीज गेली. सुमारे पाच कोटी लोक अंधारात. शेकडो वीज संच बंद. दुसऱ्या दिवशी त्यांचे विमान पेनसिल्व्हेनियावर गेले. आदल्या वर्षीच्या तशाच हवामानाच्या दिवसाशी ताडून पाहिले तर सल्फर डायऑक्साइड ९० टक्क्यांनी घटलेला आणि ओझोन जवळपास निम्मा. पुढे काही अभ्यासकांनी म्हटले की ओझोनमधली ही घट सगळीच वीज केंद्रांमुळे नसावी, वाऱ्याच्या वाटेतल्या फरकाचाही त्यात हात असावा. बरोबर आहे, असा वाद व्हायलाच हवा. पण वाद घालायलाही आधी कोणीतरी वर जाऊन मोजलेले असावे लागते.

त्या नोंदींचे पुढे काय झाले हेही आपल्या कामाचे आहे. तिथल्या स्वच्छ हवा कायद्यात शेजारधर्माचे कलम आहे. एका राज्याच्या धुराने दुसऱ्या राज्यात मानक मोडत असेल तर पहिल्याने आवर घालायचा. १९९० च्या दुरुस्तीने ईशान्येकडच्या राज्यांचा ओझोन वहन आयोगच स्थापन झाला. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या कलमाखालचा नियम उचलून धरला. २०१६ मध्ये मेरीलँडने पाच राज्यांतल्या वीज केंद्रांच्या ३६ संचांविरुद्ध अर्ज केला. तक्रार अशी की नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा बसवलेली आहे, पण उन्हाळ्यात ती नीट चालवली जात नाही. २०१८ मध्ये तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने अर्ज फेटाळला, २०२० मध्ये न्यायालयाने त्यातला काही भाग पुन्हा विचारासाठी परत पाठवला. २०२४ मध्ये तर शेजारधर्माच्या नव्या योजनेला सर्वोच्च न्यायालयानेच स्थगिती दिली. म्हणजे तिकडे रामराज्य आहे असे मी सांगत नाही. पण तिथे भांडण आकड्यांवर होते. आपल्याकडे भांडणच होत नाही, कारण कागदावर शेजारी कोणाचा काही देणेकरी नाही.

टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहराचेही सांगायला हवे, कारण माहुल आणि पाताळगंगेशी त्याचे नाते जवळचे आहे. २००० साली टेक्सासमध्ये संशोधन विमाने तेल-रसायन कारखान्यांच्या धुराच्या पट्ट्यांतून आरपार नेली, तेव्हा इथिलीन आणि प्रोपिलीन हे वायू कारखान्यांच्या कागदोपत्री आकड्यांपेक्षा दहापटीहूनही अधिक सापडले. त्यानंतर त्या राज्याने या वायूंसाठी वेगळे नियम केले. आपल्याकडेही कारखाना स्वतःच्या उत्सर्जनाचा आकडा स्वतःच भरतो.

आपले पुढचे उत्तरही मला ठाऊक आहे. विमान कुठून आणायचे?

संचालक महोदय, आपल्या संस्थेने २००९ मध्ये ढग आणि धूलिकणांच्या अभ्यासासाठी काइपीक्स हा विमान प्रयोग सुरू केला. २०१८ आणि २०१९ मध्ये त्याचा मुक्काम सोलापूरला होता. विमानाच्या पोटात यंत्र कसे बसवायचे, हवा आत कुठून घ्यायची, धावपट्टीची परवानगी कशी काढायची, हे आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. राज्य सरकारने २०१५ आणि २०१९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून कृत्रिम पावसासाठी विमाने उडवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीने आयआयटी कानपूरच्या विमानातून तोच खटाटोप केला. पाऊस काही पडला नाही. पाऊस पाडायला विमान मिळते, हवा मोजायला मिळत नाही. पावसाच्या विमानाचे फोटो चांगले येतात हे मान्य, ओझोनचा फोटो येत नाही.

आणि आपली हवा विमानातून कोणी मोजलीच नाही असेही नाही. १९९९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडोएक्स या आंतरराष्ट्रीय मोहिमेत अमेरिकेचे सी-१३० विमान मालदीवहून उडत होते आणि भारतीय उपखंडातून समुद्रावर वाहत येणारा धुराचा पट्टा मोजत होते. धूर आमचा, मोजायला बसले होते मालेमध्ये. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाने नासाचे डीसी-८ हे संशोधन विमान स्वतःच्या देशात आणून सेऊलवरच्या ओझोनचा छडा लावला. २०२४ च्या सुरुवातीला तेच विमान फिलिपिन्स, कोरिया, थायलंड करून आले. भारत त्या यादीत नव्हता.

उपग्रह आहेत की, असेही सांगितले जाईल. उपग्रहाला नायट्रोजन डायऑक्साइड बऱ्यापैकी दिसतो. पण वातावरणातला सुमारे ९० टक्के ओझोन वरच्या थरात आहे, त्या जाड पडद्याआडून खालच्या किलोमीटरभरातला ओझोन वेगळा काढणे उपग्रहाला जड जाते. ड्रोन? विशेष परवानगीशिवाय ड्रोनला १२० मीटरची मर्यादा आहे, आमचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. हवामान खाते पुण्याहून ओझोनचे फुगे सोडते. काम मोलाचे आहे, पण फुगा वारा नेईल तिकडे जातो, त्याला शहापूरवरून इगतपुरीला ये म्हणून सांगता येत नाही. उरले मॉडेल. पुण्यात २०१३ पासून आणि मुंबईत २०१५ पासून सफर या सरकारी सेवेचे हवेचे अंदाज मिळतात, त्याबद्दल आभारच. पण घाटातल्या वाऱ्याबद्दल मॉडेल जे म्हणते ते खरे की खोटे हे वर गेल्याशिवाय कसे कळणार?

एक गोष्ट आमच्या लोकांनीही ऐकून ठेवावी. मी मुंबईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला निघालेलो नाही. हिवाळ्यात वारा फिरतो. देशावरून कोकणाकडे, समुद्राकडे वाहतो. तेव्हा एकलहऱ्याच्या वीज केंद्राचे, सातपूर-अंबडच्या वसाहतींचे, आमच्या शेतात पेटवलेल्या काड्या-पाचटाचे जे काही आहे ते ठाणे-मुंबईच्या अंगावर जाते. मोजणी झाली तर त्यात नाशिकचाही हिशेब निघेल. निघू द्या. काड्या पेटवणे बंद करायला सांगितले तर निदान कशासाठी हे आम्हाला कळेल.

मागण्या सरळ आहेत.

येत्या मार्च ते मे या काळात आणि त्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, यंत्रे बसवलेल्या छोट्या विमानाची मोहीम घ्यावी. पहाटे, हवा घुसळण्याआधी, वसई ते अलिबाग किनारा आणि शहापूर-कर्जतवर, दुपारी इगतपुरी ते निफाड आणि लोणावळा ते जुन्नर पट्ट्यावर, हिवाळ्यात याच्या उलट. धावपट्ट्यांची वानवा नाही. ओझर आहे, जुहू आहे, शिर्डी आहे, बारामती आहे. मुंबईचे आकाश गजबजलेले आहे हे मला माहीत आहे, पण पहाटेच्या वेळा ठरवून मागता येतात आणि ते काम मंत्रालयातून पत्र गेले तरच होईल. प्रधान सचिव महोदय, ते पत्र आपले.

विमानात ओझोनबरोबर नायट्रोजन ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि सेंद्रिय वायूंचे नमुने घेण्याची सोय हवी. नुसता ओझोन मोजून तो आला कुठून हे कळणार नाही, त्याच्या सोबतचे वायू सांगतील की तो रिफायनरीवरून आला, कोळशावरून की टेम्पो-ट्रकांवरून.

कुंदेवाडी आणि मांजरीच्या संशोधन केंद्रांत, इगतपुरीत आणि कसाऱ्याच्या पायथ्याशी कायमची ओझोन यंत्रे बसवावीत. विमान महिनाभर उडेल आणि जाईल, जमिनीवर कोणीतरी बारा महिने जागे हवे. यासाठी मोहिमेची वाट पाहायचेही कारण नाही, हे उद्या सुरू होऊ शकते.

सदस्य सचिव महोदय, मोजणीनंतर तेल, रसायन आणि रंग कारखान्यांनी भरलेले उत्सर्जनाचे आकडे त्या नोंदींशी ताडून पाहावेत आणि जिथे मेळ बसत नाही ती नावे मंडळाने जाहीर करावीत. राज्याच्या पुढच्या हवा आराखड्यात ओझोनचे स्वतंत्र उद्दिष्ट असावे, आणि मुंबई, ठाणे, रायगड, नाशिक व पुणे या पट्ट्याचा आराखडा एकत्र व्हावा.

आणि सगळ्या नोंदी, कच्च्या स्वरूपात, मोहीम संपल्यापासून वर्षभराच्या आत लोकांसाठी खुल्या कराव्यात. त्यावर कोणाच्या परवानगीचा शिक्का नको. आमच्याकडच्या कॉलेजांत भौतिक आणि रसायनशास्त्राची मुले प्रकल्पासाठी विषय शोधत फिरत असतात. त्यांना हा देऊ.

उत्तर तिघांचे मिळून आले तर बरे, नाहीतर तीन वेगवेगळीही चालतील. फक्त ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे’ असे नको. संबंधित विभाग आपणच तिघे आहात. पुढची खरड छाटणी एप्रिलमध्ये आहे, विमानाच्या परवानग्यांना महिने लागतात, म्हणून निर्णय दिवाळीच्या आत व्हावा ही विनंती.

आपला,
दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार